पिसाळलेलं इंजिन

मला यंत्रांची भीती वाटते. हे सांगितलं की लोक हसतात, कारण राजपुऱ्यातल्या एका बंद पॉवरलूमच्या शेडमध्ये मी गेली सहा वर्षं शेतीची जुनी यंत्रंच गोळा करते आहे. पाठीवर घ्यायचा पितळी फवारा पंप, हाताने फिरवायची कडबाकुट्टी, शेंगा फोडायचं यंत्र, लोखंडी तिफण. गंज खरवडायचा, बेअरिंग धुवायचं, ग्रीस भरायचं, तुटलेला दांडा सुताराकडून करून आणायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या दुपारी अशा जाऊ लागल्या. पण ही सगळी यंत्रं मी फिरवली तर फिरत आणि सोडली की थांबत. त्यांचं मला भय नव्हतं. भय होतं ते आपलं आपण चालणाऱ्या यंत्राचं.

ते लहानपणापासूनचं आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या तापीकाठच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. एका सकाळी काका ते चालू करत होते आणि हँडल उलटं फिरलं. मी विहिरीच्या कठड्यापाशी उभी होते. काकांचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. इंजिन मात्र काही झालंच नाही असं डुगडुगत राहिलं आणि काका त्याच्या शेजारी हात पोटाशी धरून वाकून बसले. तेव्हापासून इंजिन चालू व्हायच्या आत मी घराकडे पळायची. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले, तीस वर्षं मुलांना फळ्यावर इंजिनाचे चार टप्पे काढून दाखवले, पण खऱ्या इंजिनाला एकदाही हात लावला नाही.

अशा बाईने इंजिन आणायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

नेपानगरच्या बाजूला एका केळीच्या बागेत जुनं इंजिन पडून आहे, असं माझ्या एका माजी विद्यार्थिनीने सांगितलं. मी रिक्षा करून गेले. बाग एक म्हातारी सांभाळत होती. पंचाहत्तरीची असेल, पण चालण्यात माझ्यापेक्षा चपळ. विहिरीशेजारी पत्र्याच्या खोपटात ते उभं होतं. दोन्ही बाजूंना छातीएवढी दोन जड चाकं, वर वाळलेल्या केळीच्या पानांचा ढीग, सायलेन्सरमध्ये चिमणीचं जुनं घरटं. म्हातारीने काठीने पानं बाजूला केली, पण स्वतः जवळ गेली नाही.

"घेऊन जा माय," ती म्हणाली. "भंगारवाल्याले द्यायचा जीव नाही झाला. पण चालू नको करजो."

"का हो आजी?"

 ती आवाज खाली आणून, शेजारचं जनावर ऐकेल म्हणून जपावं तशी म्हणाली, "पिसाळलं होतं ते एकदा."

तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा हयात असताना एका दुपारी इंजिन चालता चालता वेग घेऊ लागलं. त्याने बंद करायचा दांडा ओढला तरी थांबेना. आवाज चढत गेला, जमिनीतले बोल्ट उखडले, पट्टा तुटून केळीत जाऊन पडला. नवरा-बायको दोघं बांधापलीकडे पालथे पडून राहिले. शेवटी ते आपणहूनच बंद पडलं. "माझा मालक शेर माणूस," म्हातारी म्हणाली, "पण त्या दिवशी त्याचे दात वाजू राहिले होते." पुढच्याच आठवड्यात त्यांनी विजेची मोटर बसवली आणि खोपटाचं दार लावून टाकलं.

परतताना मी ठरवलं होतं, नको. आणि तीन दिवसांनी केळीच्या ट्रकमधून, सहा हमालांच्या हातांनी, ते इंजिन माझ्या शेडमध्ये उतरलं. याचं कारण मला आजही नीट देता येत नाही. ज्याची धास्ती वाटते त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं, तसं काहीसं होतं.

मोठ्या कामांसाठी माझ्याकडे एक मिस्त्री येत. सत्तरी ओलांडलेले. निम्म्या खोऱ्यातली इंजिनं त्यांच्या हातून गेलेली. आयुष्यभर सायलेन्सरशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा अर्धा. त्यांची नात माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला बाई म्हणत. इंजिनाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, चाकावर थाप मारली, आणि विचारलं, "बाई, हे बंद का पडलं होतं? काही लफडं तर नव्हतं ना?"

मी म्हटलं, "लाइट आली, मोटर बसवली. मग बंदच ठेवलं."

यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि सगळं मिळून ते खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर मिस्त्रींनी पाना खाली ठेवला असता, निदान मला तसं वाटलं. वर्गात अशी उत्तरं देणाऱ्या मुलांना मी उभं करत असे.

चार महिने आम्ही काम केलं. गंजलेले बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवायचे आणि सकाळी एकेक सोडवायचा. पिस्टन अडकला होता. मिस्त्रींनी लाकडी ठोकळा ठेवून त्यावर इतके हलके घाव घातले की तो तिसऱ्या दिवशी सरकला. मी टाकी धुतली, तांब्याच्या नळ्या घासल्या, चाकांना हिरवा रंग दिला. डिझेलच्या पंपाशी आल्यावर मिस्त्रींनी त्याचा दांडा पुढे-मागे करून पाहिला. "मोकळा चालून राहिला," ते म्हणाले. "चांगला पंप उगीच उघडायचा नाही, बाई. एकदा उघडला की पहिल्यासारखा बसत नाही."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. या पंपातूनच इंजिनाला डिझेल जातं, किती जायचं ते हा दांडा ठरवतो, इंजिन बंद करायचा दांडाही यालाच जोडलेला असतो, आणि पिसाळायचं कारण असलंच तर इथेच असणार, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं.  मी फडक्याने नळी पुसत राहिले.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मिस्त्री म्हणाले, "चला, आज आवाज ऐकू."

इंजिन शेडच्या मधोमध दोन जाड लाकडी तुळयांवर बसवलं होतं. सिमेंटचा पाया अजून घातला नव्हता. हवेची जाळी मी धुवायला काढली होती, ती रॉकेलच्या घमेल्यात पडून होती, आणि हवा आत घेणारा नळ उघडाच होता. त्याच्याजवळ एका जुन्या पोळपाटावर मी नट-बोल्ट मांडून ठेवले होते. मिस्त्री मागच्या भिंतीकडे, पंपाच्या बाजूला उभे होते. मी दाराच्या बाजूला.

"मी हँडल मारतो," इंजिनाच्या माथ्यावरचा, आतला दाब मोकळा ठेवणारा खटका दाखवत ते म्हणाले. "मी हो म्हटलं की हा खटका खाली पाडायचा. बस."

"मिस्त्री, मी नको. मी कुणाला तरी बोलावते."

"घाबरू नका बाई. इंजिन आहे, वाघ नाही."

त्यांनी हँडल बसवलं. चाकं हळूहळू फिरायला लागली. माझा हात खटक्यावर होता आणि डोळे त्यांच्या मनगटावर. "हो!" ते ओरडले. मी खटका पाडला. एक जोरदार धक्का, काळ्या धुराचा लोट, आणि मग डुग, डुग, डुग. लहानपणीचा तोच आवाज. मिस्त्रींनी हँडल सहज काढून घेतलं आणि सगळे दात दाखवत हसले. माझे डोळे भरून आले. दहा-बारा मिनिटं ते तसंच चालत राहिलं आणि तेवढा वेळ मला वाटलं की माझी भीती गेली.

मग मला ऐकू आलं. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी झालं होतं. आधी वाटलं, भास आहे. शेजारच्या चालू कारखान्यातल्या लूमच्या आवाजात ते मिसळत असेल. पण पायाखालची फरशी वेगळी थरथरू लागली होती.

"मिस्त्री!" मी ओरडले. "वेग वाढतोय!"

ते पंपाशी वाकून तेल पाहत होते. त्यांचा उजवा कान माझ्याकडे होता.

"मिस्त्री, बंद करा!"

त्यांनी वर पाहिलं ते माझ्या आवाजाने नाही. चाकांचे आरे दिसेनासे झाले तेव्हा पाहिलं. त्यांनी बंद करायचा दांडा ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग त्यांनी टाकीचा कॉक फिरवला, पण नळीत आणि फिल्टरमध्ये डिझेल होतंच. आता डुगडुग राहिलीच नव्हती, एक सलग किंकाळी होती. पत्रे वाजत होते, भिंतीवरची कडबाकुट्टीची पाती खाली पडली. आणि ते अख्खं इंजिन, मारलेल्या रंगासकट, तुळयांसकट, हलायला लागलं. इंच-इंच उड्या मारत ते मागे सरकत होतं. मागे भिंत होती. आणि भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये मिस्त्री होते.

मी पळाले.

हे मला इथे लिहायलाच हवं. मी एका उडीत दाराबाहेर होते. गल्लीत ऊन होतं, समोरच्या ओट्यावर एक बाई मेथी निवडत होती, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला माहीत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: मिस्त्रींना हे पिसाळतं हे माहीत नाही. मला माहीत होतं.

मी परत आत गेले.  धुरात मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे दिसले, एक हात पुढे केलेला, जणू बैलाला थोपवत आहेत. इंजिनाच्या माझ्या बाजूला तो उघडा नळ फूत्कार टाकत हवा ओढत होता. त्या नळाकडे पाहताना तीस वर्षांत शेकडो वेळा फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य मला आठवलं. हवेशिवाय ज्वलन होत नाही. मी पोळपाट उचलला, नट-बोल्ट खळकन सांडले. चाक माझ्यापासून हातभर होतं. त्याचा वारा माझ्या साडीच्या पदराला ओढत होता. पदर दातात धरला आणि दोन्ही हातांनी पोळपाट त्या नळाच्या तोंडावर दाबला.

इंजिनाने तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकून घेतला, इतक्या जोराने ओढून धरला. माझे खांदे हादरले. किंकाळी एकदम घोगरी झाली. एक ठोका चुकला, मग दोन. घाणेरडा काळा धूर आला, काहीतरी आतून खोकल्यासारखं झालं, आणि चाकांचे आरे पुन्हा दिसू लागले. एकेक. ते पूर्ण थांबल्यावरही मी पोळपाट सोडला नाही. मिस्त्रींनी येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

शेजारचे लूम चालूच होते. कुणाला काही कळलंही नव्हतं.

मिस्त्रींचा डावा तळवा सायलेन्सरला लागून भाजला होता. मी त्यावर पाणी ओतत होते तेव्हा ते चाकाकडे पाहत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. चाक शाफ्टवरून दोन बोटं बाहेर सरकलं होतं. "अजून थोडं," ते म्हणाले, "तर हे निघून गेलं असतं. ही भिंत नाही थांबवत त्याला. पलीकडे लूमवर माणसं आहेत." ते जमिनीवर बसले. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाई, हे पहिले कधी असं सुसाट सुटून भागलं होतं काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

घरी मी काहीच सांगितलं नाही. पण यजमानांच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की माझ्या हातातलं भांडं खाली पडे. गल्लीत एखाद्या पोराने मोटारसायकल उगीच रेस केली की मी भिंतीला टेकून उभी राही. "अगं, बरं नाही का? डॉक्टरांना दाखवू या," ते म्हणाले. डॉक्टर काय करणार होते? इंजिनापेक्षा आता मला दुसरीच भीती होती. मिस्त्री उद्या दुसऱ्या कुणाच्या बागेत असंच एखादं इंजिन चालू करतील, कुणीतरी पुन्हा खोटं सांगेल, आणि तिथे पोळपाट नसेल. लूमवरच्या त्या माणसांना मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी शेडकडे जाताना त्यांच्या दारावरून जायचं मी टाळू लागले.

बाराव्या दिवशी मी मिस्त्रींच्या घरी गेले. हाताला पट्टी बांधून ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा आणला. तो घ्यायच्या आधीच मी बोलले, डाव्या कानाशी वाकून, मोठ्याने, सगळं. म्हातारीने काय सांगितलं, मी काय लपवलं, पुन्हा विचारल्यावर पुन्हा काय सांगितलं. मोठ्याने बोलावं लागल्यामुळे ते शेजारच्या दोन घरांनीही ऐकलं असणार.

 मिस्त्री म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं ना बाई, तर मी नाही म्हटलं नसतं. पंप पहिला उघडला असता. बस, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "माझी नात तुमचं नाव घेते. बाई कधी खोटं बोलत नाही म्हणते."

मी चहा तसाच ठेवून निघाले. त्यांनी थांबवलं नाही.

दीड महिना ते आले नाहीत. मी शेडला कुलूप लावलं होतं. मग एका सकाळी मीच ते उघडलं. इंजिन भिंतीपासून हातभर अंतरावर तिरकं उभं होतं, जसं त्या दिवशी थांबलं तसंच. बंद इंजिनाला कशाला घाबरायचं, असं स्वतःला सांगत मी तासभर दारातच बसून होते. मग आत जाऊन पंपाचे चार बोल्ट सोडले, पंप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि रिक्षाने मिस्त्रींकडे नेला. काही न बोलता त्यांच्या खाटेवर ठेवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण टॉवेल उघडला. दांडा पुढे-मागे केला. मोकळा. मग बायकोला गरम पाणी आणायला सांगितलं, पंप त्यात धरला, आणि चांगला तापल्यावर दांडा पुन्हा ओढला. तो मध्येच अडकला. जोर लावला तरी हलेना.

"हे बघा," ते म्हणाले. दीड महिन्यातला पहिला शब्द. "थंड आहे तोवर मोकळा. गरम झाला की पकडतो. तेव्हाही हेच झालं असणार, त्या म्हातारीच्या इथे." पंप उघडल्यावर आतल्या नळकांडीत केसासारखा बारीक ओरखडा निघाला. तेवढ्या ओरखड्याने त्या शेर माणसाचे दात वाजवले होते.

मिस्त्री परत आले ते अटी घालून. आधी सिमेंटचा पाया, त्यात चार बोल्ट, आणि पाया महिनाभर सुकायचा. चाक शाफ्टवर पकडून ठेवायला नवी चावी, म्हणजे लोखंडी पाचर. पंपाचा तो भाग नवा. चालू करायचं ते सकाळी, शेजारचे लूम बंद असताना, त्या कारखान्याच्या मालकाला सांगून. तिथल्या मालकाला मी स्वतः जाऊन सांगितलं, काय झालं होतं आणि काय होऊ शकलं असतं तेही. तो चिडला, बरंच बोलला, आणि शेवटी रविवार ठरवून दिला. "आणि बाई," मिस्त्री म्हणाले, "तुम्ही नळापाशी उभं राहायचं. पोळपाट घेऊन. माझ्या कानाचं काही खरं नाही. तुमचा कान तोच माझा कान."

त्या रविवारी मी नळापाशी उभी राहिले. हातातला पोळपाट घामाने निसटत होता. खटका मिस्त्रींनी स्वतःच पाडला. धक्का बसला, धूर आला, ठोके सुरू झाले. मी डोळे मिटले आणि फक्त ठोके मोजत राहिले, दोन ठोक्यांमधलं अंतर ऐकत राहिले. अंतर वाढलं नाही, कमी झालं नाही. इंजिन तापलं. पाण्याच्या टाकीतून वाफ आली. तरी अंतर तेवढंच. पंधरा मिनिटं मी तशी उभी होते आणि त्या पंधरा मिनिटांत एकदाही मला आनंद झाला नाही. मी फक्त घाबरलेली होते आणि उभी होते.

मिस्त्रींनी दांडा ओढला. ठोके विरळ झाले, चाकं आळसावल्यासारखी फिरली आणि थांबली.

"झालं," ते म्हणाले.

मी मान हलवली, पोळपाट खाली ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मिस्त्रींनी कोपऱ्यावरून दोन चहा आणले. माझ्या हाताला इतका कंप होता की अर्धा चहा बशीत सांडला. त्यांनी बशी माझ्या हातातून घेतली, चहा पुन्हा कपात ओतला आणि कप माझ्यासमोर फरशीवर ठेवला, म्हणजे मला तो धरावा लागू नये.  थोड्या वेळाने मी दोन्ही हातांनी कप उचलला आणि प्यायले.